इगतपुरीचं विपश्यना शिबिर की जेझुइटांची रिट्रीट? मौन सारखंच, आतलं काम उलटं

एकीकडे दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, दुसरीकडे जेझुइट या कॅथलिक संघाची रिट्रीट, म्हणजे मौनातलं प्रार्थना-शिबिर. बाहेरून बघितलं तर दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. फोन जमा करायचा, बोलायचं नाही, लवकर उठायचं, साधं जेवायचं आणि दिवसाचे कितीतरी तास डोळे मिटून बसायचं. म्हणून ‘इगतपुरी झाली, आता एकदा रिट्रीट करून बघू’ असं म्हणणारे भेटतात, तसेच रिट्रीटची सवय असलेले ‘विपश्यना म्हणजे तेच ना, जरा जास्त कडक?’ असं विचारणारेही. तेच नाही. एका ठिकाणी तुम्हाला प्रार्थना थांबवायला सांगतात, कारण ती ऐकणारा कोणी त्या पद्धतीत गृहीत धरलेलाच नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रार्थनेशिवाय करायला दुसरं काही नाही. मौन पाळायचं ते त्या ऐकणाऱ्याशी बोलता यावं म्हणून. बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मांतला फरक पुस्तकांत त्रिशरण एका रकान्यात आणि त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) दुसऱ्या रकान्यात असा मांडलेला असतो. इथे तो पाठीला आणि गुडघ्यांना कळतो.

तुलना कशाची, ते आधी स्पष्ट केलेलं बरं. इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवतात ती सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेली परंपरा. गोएंका (१९२४–२०१३) मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. शिकवण्यात जो हिशेबी काटेकोरपणा आहे तो कुठून आला असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही. १९६९ साली गोएंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली. दुसऱ्या बाजूला आहेत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधना. त्यांची बैठक १५२२–२३ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी तयार झाली आणि पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्यांना मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची, पण नोकरदारांना झेपते ती आठ दिवसांची. आपल्याकडे वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर आणि गोव्यात सासष्टीतल्या राय गावी जेझुइटांची अशी केंद्रं आहेत.

दोन्ही धर्म यापेक्षा फार मोठे आहेत. महाराष्ट्रातला बहुसंख्य बौद्ध समाज १९५६ च्या धम्मदीक्षेतून आलेला. त्याचा धर्म विहारात, वंदनेत, पंचशीलात आणि बावीस प्रतिज्ञांत आहे. मांडी घालून तासन् तास बसण्यात तो मुख्यतः नाही, आणि विपश्यनेने माणूस आत वळून समाजाचे प्रश्न विसरतो अशी टीकाही त्याच समाजातून होते. तसंच वसईतला कॅथलिक आणि अहिल्यानगरकडचा (पूर्वीचं अहमदनगर) प्रोटेस्टंट यांची उपासनाही एक नव्हे. पण सरावातला फरक बघायचा असेल तर ही जोडी चांगली, कारण दोन्हीकडे काय करायचं ते पायरीपायरीने लिहून ठेवलेलं आहे.

धम्मगिरीचं वेळापत्रक जगभरातल्या या परंपरेच्या सगळ्या केंद्रांवर सारखंच. पहाटे ४ ला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. ८ ते ९ सामूहिक साधना, ९ ते ११ पुन्हा बैठक, ११ वाजता जेवण. १२ ते १ विश्रांती, त्याच वेळात सहायक आचार्यांना शंका विचारता येतात. दुपारी १ ते ५ तीन बैठका, ५ ला चहा, ६ ते ७ सामूहिक, ७ ते सव्वाआठ गोएंकांचं ध्वनिचित्रमुद्रित प्रवचन, ९ पर्यंत शेवटची बैठक, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर पावणेअकरा तास बसणं होतं. नवीन साधकाला संध्याकाळी चहा आणि फळ मिळतं. जुन्या साधकाला, म्हणजे आधी एक शिबिर पूर्ण केलेल्याला, फक्त लिंबूपाणी. नव्याला पाच शीलं, जुन्याला आठ, आणि दुपारनंतर न जेवणं त्या आठांत येतं. दहा दिवस म्हणतात, पण आगमनाचा दिवस आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरून सुट्टी बारा दिवसांची टाकावी लागते.

रिट्रीटचा दिवस यामानाने मोकळा. तासाभराच्या चार, क्वचित पाच प्रार्थना, रोज एक मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), रोज अर्ध्या तासाच्या आसपास मार्गदर्शकाशी बोलणं, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण. त्याला सगळे एक्झामेनच म्हणतात. जेवण तीन वेळा, आणि ते शाकाहारीच असेल असं धरू नका. मधला वेळ बागेत फिरा, झोपा, बायबल वाचा. मोकळीक बघून नवखा खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात डोकं घालतो. घंटा नाही म्हणजे शिस्त नाही, असं नाही. इथे शिस्तीची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते, आणि ती पेलत नसेल तर आठ दिवस ही नुसती स्वस्तातली सुट्टी होते.

आता मूळ मुद्दा. दोन्हीकडे श्वास येतो, पण त्याच्याशी वागणं अगदी विरुद्ध. विपश्यनेत पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान: नैसर्गिक श्वास, जसा येतो तसा, नाकपुड्यांशी आणि त्यांच्याखाली वरच्या ओठापर्यंतच्या छोट्या जागेत जाणायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, आणि त्याला कुठलाही शब्द जोडायचा नाही. राम नाही, येशू नाही, ‘बुद्धं सरणं’सुद्धा नाही. शब्दाने मन लवकर एकाग्र होतं हे ते मान्य करतात; पण मग ते शब्दाला चिकटून राहतं आणि पुढे शरीरावरच्या बारीक संवेदना पकडू शकत नाही, असं कारण देतात. इग्नेशियस यांनी प्रार्थनेच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत. त्यातली तिसरी म्हणजे प्रत्येक श्वासाला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेतला एक शब्द मनात म्हणायचा आणि पुढच्या श्वासापर्यंत त्या शब्दाच्या अर्थाकडे, किंवा ज्याला उद्देशून तो म्हटला त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. इगतपुरीत जे करायची मनाई आहे, ते इथे पद्धत म्हणून शिकवतात. इतक्या छोट्या जागेत इतका मोठा फरक दुसरीकडे क्वचितच सापडेल. एकीकडे श्वास हीच अभ्यासाची वस्तू आहे. दुसरीकडे तो ताल आहे, गाणं कोणासाठी तरी आहे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना मिळते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवायचं, जी संवेदना सापडेल ती, खाज असो, उष्णता असो, ठणका असो, तिच्याकडे तटस्थपणे बघायचं आणि ती बदलते आहे, अनित्य आहे, हे जाणायचं. एखाद्या भागावर काहीच कळलं नाही तर मिनिटभर थांबायचं आणि पुढे सरकायचं. याच दिवसापासून दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या, म्हणजे दृढ निश्चयाच्या: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. गुडघा पेटतो तो इथे. पण दुःख सोसून पुण्य मिळवणं हा हेतू नाही. दुखणं आणि त्यावरची मनाची चिडचिड वेगळी दिसावी, आणि चिडचिड थांबली की जुने संस्कार, म्हणजे मनावर साचलेल्या प्रतिक्रिया, वर येऊन झिजावेत, अशी ती मांडणी आहे.

इग्नेशियस यांचा सल्ला नेमका उलटा. गुडघे टेका, साष्टांग पडा, उताणे झोपा, बसा किंवा उभे राहा. ज्या स्थितीत हवं ते सापडलं तिथेच थांबा, बदलू नका. शरीर इथे दाराचा कडीकोयंडा आहे, उघडला की काम झालं. खरं काम कल्पनेत चालतं. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा, उदाहरणार्थ बेथलेहेमची गुहा. ती किती मोठी, किती ठेंगणी, वाट चढाची की सपाट, कोण काय बोलतंय, हे सगळं डोळ्यांसमोर आणायचं, स्वतः तिथे एका कोपऱ्यात उभं राहायचं, आणि शेवटी ख्रिस्ताशी मित्र मित्राशी बोलतो तसं बोलायचं. विपश्यनेतल्या साधकाने हे केलं तर आचार्य त्याला हळूच थांबवतील, कारण तिथे कल्पनाचित्राला जागाच नाही.

सुखद अनुभवाचं काय करायचं, हा दुसरा मोठा काटा. सहाव्या-सातव्या दिवसानंतर काही जणांना शरीरभर एकसारखा सूक्ष्म प्रवाह जाणवतो. गोएंका प्रवचनात वारंवार बजावतात, की हेही जाणारच आहे. त्याची ओढ धरली तर नवा संस्कार तयार झाला आणि केलेलं काम पाण्यात गेलं. रिट्रीटमध्ये मन भरून येणं, डोळ्यांत पाणी येणं, देवावरचं प्रेम उचंबळणं याला कन्सोलेशन म्हणतात. ते टिपून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच जागी परत जायचं, चव घ्यायची, आणि पुढे कोरडे दिवस येतील तेव्हासाठी शिदोरी बांधायची. १९८९ साली व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र पाठवलं. पूर्वेकडच्या पद्धतींचा प्रार्थनेला उपयोग होऊ शकतो हे त्यात मान्य केलं आहे, पण व्यायामाने आपोआप येणारी शांतता म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन असं समजू नका, अशी ताकीदही आहे. गंमत म्हणजे ‘छान वाटलं म्हणजे प्रगती झाली’ या समजुतीवर इगतपुरी आणि रोम दोघंही सारखेच नाराज आहेत. कारणं मात्र वेगळी.

‘संस्कार’ या शब्दाचंही असंच. विपश्यनेत संस्कार म्हणजे मनावर साचलेल्या प्रतिक्रियांचा गाळ, जो संपवायचा आहे. कॅथलिकांकडे बाप्तिस्मा, मिस्सा, प्रायश्चित्त वगैरे सात साक्रामेंतांनाही संस्कार म्हणतात, आणि ते घ्यायचे असतात. मराठी वाचकाने दोन्ही प्रवचनं लागोपाठ ऐकली तर डोकं गरगरेल. पण शब्दामागचा फरक खोल आहे. पाप म्हणजे कोणाचा तरी केलेला अपराध, म्हणून त्याला क्षमा करणारा लागतो. रिट्रीटमध्ये सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांत पापांवर चिंतन होतं आणि फादरांकडे पापनिवेदन, कोकणीत कुमसार, करायची सोय असते: पश्चात्ताप, तोंडाने सांगणं, क्षमेचे शब्द, मग दिलेलं प्रायश्चित्त. दहा मिनिटांत माणूस मोकळा होऊन बाहेर येतो. संस्काराला असा कोणी माफ करणारा नाही. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीत सर्वांना क्षमा करायची आणि सर्वांची क्षमा मागायची भावना असते खरी, पण तुम्ही केलेलं तुमच्याच बसण्याने झिजणार. ज्याला ‘मला कोणीतरी माफ केलं’ हे ऐकायची गरज आहे, त्याने इगतपुरीहून ती अपेक्षा ठेवू नये. उलट ज्याला कोणापुढे गुडघे टेकायचेच नाहीत, त्याला रिट्रीटचा पहिला टप्पा अपमानास्पद वाटेल.

सभागृहात शिरलं की हा फरक डोळ्यांना दिसतो. धम्मगिरीच्या धम्म हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती नाही, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही, अगरबत्ती नाही. विहारात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे वंदना करायची सवय असलेल्याला हे चुकल्यासारखं वाटतं. सुरुवातीला त्रिशरण घेतलं जातं, पण शरण जायचं ते बुद्धाच्या गुणांना, असं समजावतात. चॅपलमध्ये क्रूसावर खिळलेला देह समोर असतो, ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीच्या) पेटीपाशी दिवा तेवत असतो. साधनेच्या चार टप्प्यांतला तिसरा पूर्ण त्या क्रूसाचा आणि चौथा पुनरुत्थानाचा. विपश्यना म्हणते, बुद्ध कोण होता हे विसरलात तरी श्वास तोच राहील. येशू विसरलात तर रिट्रीटचे तीन चतुर्थांश दिवस रिकामे पडतात. पुनर्जन्माचंही तसंच: संध्याकाळच्या प्रवचनांत तो येतो, पण मानला नाही तरी चालेल असं सांगतात. एकच आयुष्य आणि त्यानंतर देहासह पुनरुत्थान, हे मात्र ख्रिस्ती बाजूला पायाचे दगड आहेत, ते काढून ठेवता येत नाहीत.

शिकवणाऱ्याच्या बाबतीत मात्र निवड करणं अवघड. गोएंका २०१३ मध्ये गेले, पण आजही सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच आवाजात. त्यामुळे दर्जा एकसारखा. इगतपुरीत मिळतं तेच धुळ्याला आणि कॅलिफोर्नियात. तोटा असा, की तुमची अडचण रेकॉर्डिंगला कळत नाही आणि सहायक आचार्यांची भेट पाचेक मिनिटांची. कौटुंबिक गोष्टी तिथे काढल्या तर उत्तर बहुतेक वेळा ‘संवेदना पाहा, समता ठेवा’ एवढंच येतं. रिट्रीट म्हणजे हाताने विणलेलं कापड. मार्गदर्शक चांगला असेल तर ते अर्धा तास ऐकणं दुसरीकडे कुठे मिळत नाही. स्वतः इग्नेशियस यांनीच त्याला बजावलं आहे, की साधकाला इकडे किंवा तिकडे ढकलू नको, निर्माता आणि त्याची निर्मिती यांना थेट व्यवहार करू दे. पण मार्गदर्शक बडबड्या असेल तर आठ दिवस व्याख्यानमाला होते. म्हणून ठिकाण बघू नका, मार्गदर्शक कोण आणि रिट्रीट व्यक्तिगत मार्गदर्शनाची आहे की सामूहिक प्रवचनांची, ते बघा.

पैशांचं थोडक्यात. धम्मगिरीत शुल्क नाही, आणि नवीन माणसाकडून पहिलं शिबिर पूर्ण होईपर्यंत दानही घेत नाहीत. रिट्रीट हाऊसमध्ये राहण्याजेवणाचा रोजचा आकार ठरलेला असतो, परवडत नसेल तर सांगावं.

बिघडतं कुठे? विपश्यनेत दुसरा आणि सहावा दिवस वाईट. सामान बांधून निघणारे बहुतेक याच दिवशी निघतात. प्राणायाम केलेले लोक नकळत श्वास ओढतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. खांद्याला खांदा लावून बसलेल्या शेजाऱ्याशी स्पर्धा लागते. पाठीचा किंवा गुडघ्याचा खरा आजार असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा, मिळते. चौथ्या दिवसापर्यंत शौर्य दाखवून मग मागणं मूर्खपणाचं. मानसिक आजार, चालू गोळ्या, नुकताच बसलेला धक्का हे अर्जात खरं लिहा. इतक्या तासांचं मौन प्रत्येकाला सोसत नाही, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करून तर मुळीच जाऊ नये. रिट्रीटमध्ये उलट: तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरडेपणा येतो, देव ऐकत नाही असं वाटतं आणि प्रार्थनेचा तास चाळीस मिनिटांत आटोपतो. यावर इग्नेशियस यांचा उपाय असा, की आटोपावंसं वाटलं तर तासापेक्षा थोडं जास्त बसा, आणि अशा मनःस्थितीत कुठलाही मोठा निर्णय बदलू नका. अधिष्ठानाशी याचं नातं जवळचं आहे, हे मान्यच केलं पाहिजे.

दोन्हींची सरमिसळ करता येते का? मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डी मेलो (१९३१–१९८७) यांनी लोणावळ्यात श्वास आणि शरीरावरच्या संवेदनांपासून सुरू होणारी प्रार्थना शिकवली, आणि ती अनेकांना मानवली. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल इशारा काढला: देव व्यक्ती आहे की नुसतं शून्य, हे त्यात धूसर होतं. इगतपुरीचाही मिश्रणाला विरोधच आहे; चाचणी प्रामाणिक व्हावी म्हणून दहा दिवस बाकी सगळं बाजूला ठेवा, म्हणतात. दोघांचं म्हणणं रास्त वाटतं. एका वेळी एकच, आणि मध्ये किमान सहा महिने जाऊ द्या.

नंतरचा खर्च वेळेत मोजायचा. विपश्यना सकाळ-संध्याकाळ एकेक तास मागते, आणि वर्षातून एक शिबिर. बहुतेकांचं दोन महिन्यांत इथेच फसतं. मुंबईकराला गोराईच्या पॅगोडात जुन्या साधकांसाठी असलेली एक दिवसाची शिबिरं तेव्हा उपयोगी पडतात. रिट्रीटनंतर एक्झामेन रोज पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. जोडीला रविवारची मिस्सा, कारण ख्रिस्ती साधना एकट्याने घरी पूर्ण होते असं ती मानतच नाही.

जाणाऱ्यांसाठी. इगतपुरी मध्य रेल्वेवर, कसारा घाट चढल्या चढल्या; केंद्र स्टेशनजवळच आहे. नोंदणी ऑनलाइन आणि जागा लवकर भरतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त घ्या. सैल पायजमे, शाल, छत्री, टॉर्च आणि सेलवर चालणारं गजराचं घड्याळ, कारण फोन हातात नसेल. जपमाळ, रोझरी, ताईत, पोथी घरी ठेवा, नाहीतर दारात जमा कराव्या लागतील. आधी काय साधना करता, असं अर्जात विचारतात. रोज रोझरी म्हणत असाल तर तेही तिथे लिहा. रिट्रीटला जाणाऱ्या बिगरख्रिस्ती माणसाने आधी केंद्राला विचारून घ्यावं. मिस्सेला बसायला कोणी हरकत घेत नाही, पण ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. रांग पुढे सरकेल तेव्हा बाकावर बसून राहा, किंवा दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे जा. फादर आशीर्वाद देतील.